गुडघेदुखी मोजताना: वेदनेचा आकडा, प्रश्नावली की चालण्याची चाचणी?

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (सांधा झिजण्याच्या आजारावर) व्यायाम सुरू केलाय, इंजेक्शन घेतलंय किंवा शस्त्रक्रियेचा विचार चाललाय. फरक पडतोय की नाही, हे मग ठरवायचं कशावरून? एक्स-रेचा इथे फारसा उपयोग नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली ० ते ४ ही श्रेणी आजही रिपोर्टवर दिसते, पण ती सांध्याची अवस्था सांगते, त्रास सांगत नाही. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन बऱ्यापैकी फिरणारी माणसं असतात आणि दुसऱ्या श्रेणीतच जिना नकोसा झालेलीही असतात.

क्लिनिकमध्ये काय वापरायचं हे ठरवणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आणि डॉक्टरांसाठी हा आढावा आहे. घरच्या घरी नोंद ठेवू पाहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. माझं मत आधीच सांगते: वेदना आणि चालणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजा. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. गुडघा दुखतो म्हणून माणूस जिना टाळतो, बाहेर जाणं कमी करतो आणि मग वेदनेचा आकडा ६ वरून ३ वर येतो. कागदावर ही सुधारणा दिसते, प्रत्यक्षात चालणं घटलेलं असतं. उलटही होतं. व्यायामाने ताकद आली, माणूस पूर्वीच्या दुप्पट अंतर चालू लागला आणि तेवढं चालल्यावर दुखणं पूर्वीइतकंच म्हणजे ५. नुसता आकडा पाहिला तर उपचार वाया गेले असं वाटेल.

रेषा की आकडा

वेदना मोजायच्या सोप्या पद्धती दोन. पहिली व्हीएएस: १०० मिलिमीटरची रेषा, एका टोकाला ‘वेदना नाही’, दुसऱ्या टोकाला ‘कल्पना करता येईल तेवढी जास्त वेदना’, आणि रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. दुसरी एनआरएस: ० ते १० मधला एक आकडा तोंडी सांगायचा.

संशोधनात रेषा खूप वापरली गेली, कारण तिच्यात बारीक फरक टिपता येतो असं मानतात. रोजच्या कामात मात्र मी आकडाच निवडते. वयस्कर लोकांना रेषेची कल्पना पटकन उमगत नाही. काही जण टोकालाच खूण करतात, काही जण रेषेच्या बाहेर. फोटोकॉपी काढताना रेषेची लांबी बदलते, मोबाइलच्या स्क्रीनवर तर ती किती असेल याचा नेमच नाही. आकडा फोनवरसुद्धा विचारता येतो. तो साधारण २ ने किंवा आधीच्या ३० टक्क्यांनी उतरला, तर रुग्णाला तो फरक जाणवण्याजोगा असतो. ५ चा ४ झाला म्हणून लगेच उपचाराला श्रेय देऊ नये.

खरी मेख प्रश्नात आहे. “दुखणं किती?” एवढंच विचारलं, तर एक जण या क्षणाचं सांगतो, दुसरा काल रात्रीच्या ठणक्याचं. “गेल्या आठवड्यात सपाट जमिनीवर चालताना सरासरी किती दुखलं?” असा प्रश्न ठरवा, तो लिहून ठेवा आणि दर वेळी त्याच शब्दांत विचारा. वेदनाशामक गोळी घेतली होती का, हे शेजारी नोंदवा.

एका आकड्यात दुखण्याची जात मावत नाही. सुरुवातीला गुडघा हालचालीपुरता दुखतो, पुढे काहींना सतत ठणका राहतो आणि मध्येच अचानक जोरात कळ येते. हा भेद महत्त्वाचा असेल, तर आयकोॲप ही ११ प्रश्नांची प्रश्नावली पाहा. त्यात सततच्या वेदनेचे ५ आणि येऊन-जाऊन असणाऱ्या वेदनेचे ६ प्रश्न आहेत.

प्रश्नावल्या: वोमॅक, कूस, ऑक्सफर्ड

वोमॅकमध्ये २४ प्रश्न: वेदनेचे ५, आखडलेपणाचे २, रोजच्या हालचालींचे १७. कूसमध्ये ४२ प्रश्न आणि पाच विभाग. वोमॅकचे प्रश्न कूसमध्ये सामावलेले असल्याने कूस भरून घेतली की वोमॅकचे गुणही काढता येतात. शिवाय कूस विनाशुल्क वापरता येते, वोमॅकला परवाना लागतो. उकिडवं बसणं, गुडघे टेकणं, धावणं, उडी मारणं हे प्रश्न कूसमध्येच आहेत. त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या, अजून हिंडत्याफिरत्या रुग्णाला कूसच योग्य. ऐंशीच्या आजींना उडी मारण्याबद्दल विचारण्यात अर्थ नाही. तिथे तो विभाग वगळा किंवा कूसचं सात प्रश्नांचं छोटं रूप घ्या. ते फक्त हालचालींपुरतं आहे, वेदना वेगळी विचारावी लागेल.

ऑक्सफर्ड नी स्कोअरचे प्रश्न १२ च. तो गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तयार झाला आणि त्या कामाला उत्तम आहे. पण तो गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतो. कूस गेल्या आठवड्याबद्दल विचारते, वोमॅक ४८ तासांबद्दल. दर पंधरवड्याला प्रगती पाहायची असेल तर ऑक्सफर्ड चालणार नाही, जुने दिवसही त्यात मिसळतात.

गुणांची दिशाही सारखी नाही. वोमॅकच्या नेहमीच्या पद्धतीत गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. कूसमध्ये १०० म्हणजे उत्तम. ऑक्सफर्डच्या सध्याच्या पद्धतीत ४८ म्हणजे उत्तम. एका फाइलमध्ये दोन प्रश्नावल्या ठेवणाऱ्यांनी ही दिशा कागदावर ठळक लिहून ठेवावी.

या तिन्हींची एक मर्यादा मला मोठी वाटते. “जिना उतरायला किती त्रास होतो?” याचं उत्तर देताना माणूस जिना उतरताना किती दुखतं तेच सांगत असतो, तो किती वेळात उतरतो ते नाही. गुडघा बदलल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे स्पष्ट दिसतं. वेदना कमी झालेली असते म्हणून प्रश्नावलीतला हालचालींचा विभाग फारसा घसरत नाही, उलट काहींचा सुधारतो. त्याच लोकांना चालायला सांगितलं, तर ते शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा हळू चालतात आणि कमी अंतर जातात. फक्त कागदावर विसंबलं, तर ताकदीच्या व्यायामाची गरज ध्यानातच येत नाही.

चालून दाखवा

ऑस्टिओआर्थ्रायटिसवर काम करणाऱ्या ओएआरएसआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये तीन मूळ चाचण्या सुचवल्या: ३० सेकंद खुर्चीतून उठबस, ४० मीटर भरभर चालणं आणि जिना चढउतार. टीयूजी (खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसण्याची चाचणी) आणि सहा मिनिटांची चाल या त्यांना जोड म्हणून.

माझी पहिली पसंती ४० मीटरला. दहा मीटर मोजून दोन्ही टोकांना जमिनीवर चिकटपट्टी लावायची, तिच्या पुढे दोन मीटरवर वळण्यासाठी खूण ठेवायची. “धावायचं नाही, पण न पडता जितकं भरभर चालता येईल तितकं चाला,” एवढीच सूचना. माणूस चार फेऱ्या मारतो आणि पट्टीच्या पलीकडे वळत असताना घड्याळ तेवढ्यापुरतं थांबवायचं. ३६ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला १.११ मीटर. पुढच्या वेळी ३४ सेकंद आले तर आनंद आवरायला हवा. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या मोजणीत असं दिसलं की साधारण ४ सेकंदांपर्यंतचा फरक मोजण्यातल्या चढउतारामुळेही पडू शकतो. ३६ चे ३१ झाले, तर मात्र बदल खरा धरायला हरकत नाही. काठी वापरली असेल तर नोंदवा, पुढच्या वेळीही तीच काठी.

खुर्चीची चाचणी जागा मागत नाही. हात छातीशी दुमडून ३० सेकंदांत पूर्ण उभं किती वेळा राहता येतं, ते मोजायचं. खुर्ची तीच हवी, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, कारण उंची बदलली की आकडा बदलतो. हाताचा आधार लागला तर नियमाने गुण शून्य, पण आधार घेऊन किती वेळा जमलं हे वेगळं लिहून ठेवावं. पुढच्या प्रगतीचा आरंभबिंदू तोच असतो.

सहा मिनिटांच्या चालीला लांब, रिकामा व्हरांडा लागतो, शक्यतो ३० मीटरचा. ज्यांना दोन-तीन मिनिटांनंतर दुखायला लागतं, त्यांचा त्रास ४० मीटरमध्ये दिसणारच नाही, त्यांच्यासाठी ही चाचणी घ्यावी. फक्त एक पाहा: माणूस थांबला तो गुडघ्यामुळे की धाप लागल्यामुळे? ते विचारून लिहिलं नाही, तर अंतराचा अर्थ लावता येत नाही. इथेही साधारण ६० मीटरच्या आतला फरक खात्रीचा नाही.

टीयूजीमध्ये खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं आणि परत येऊन बसायचं. तोल जाणाऱ्या, वयस्कर रुग्णाला ही चांगली. सौम्य त्रास असलेला माणूस ती इतक्या झटकन संपवतो की सुधारणेला जागाच उरत नाही. जिन्याची चाचणी अर्थपूर्ण आहे, पण पायऱ्यांची संख्या आणि उंची जिथे-तिथे वेगळी, त्यामुळे तुमचा आकडा तुमच्याच जिन्यापुरता.

आणि मनगटावरचं यंत्र?

चाचणीत दिसतं ते माणूस किती चालू शकतो, आणि पावलांच्या मोजणीत तो रोज किती चालतो. या दोन्हींत पुष्कळ अंतर असू शकतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्यांपैकी दिवसाला सुमारे ६००० पावलं चालणाऱ्यांना पुढच्या दोन वर्षांत हालचालींच्या मर्यादा येण्याचा धोका कमी आढळला. पण फार हळू चालणाऱ्यांची आणि वॉकर धरणाऱ्यांची पावलं मनगटी यंत्रं बऱ्याचदा कमी मोजतात. अशांच्या बाबतीत आकडा नुसता त्याच माणसाच्या मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा.

काय निवडाल

वेळ पाच मिनिटं असेल तर चालतानाच्या वेदनेचा आकडा, ४० मीटर चाल आणि चाल संपताक्षणी पुन्हा वेदनेचा आकडा. हे तीन आकडे एका ओळीत लिहा. वीस मिनिटं असतील तर त्यात खुर्चीची चाचणी आणि कूस वाढवा. शस्त्रक्रियेचा निर्णय समोर असेल तर ऑक्सफर्ड आणि सहा मिनिटांची चाल घ्या, त्याही शस्त्रक्रियेच्या आधी, कारण नंतर तुलनेला मागचा आकडा लागतोच. घरी नोंद ठेवणाऱ्यांनी वेदनेचा आकडा आठवड्यातून एकदा ठरावीक वारी लिहावा. खुर्चीची चाचणी महिन्यातून एकदा पुरे, तीही खुर्ची भिंतीला टेकवून आणि शेजारी कुणीतरी उभं असताना. गुडघा अचानक सुजला, गरम लागला किंवा त्यावर भार देता येईना, तर मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.