गोदामातलं सोव्हिएत यान, चालती सोयुझ की नवं यान?

खासगी अंतराळप्रवासात पैसा घालू पाहणाऱ्यांपुढे गेली पंचवीस वर्षं एक प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतो आहे. सोव्हिएत काळात बांधलेली यानं, इंजिनं, स्थानकांचे सांगाडे पडून आहेत. ते मातीमोल भावात उचलायचे, आतली इलेक्ट्रॉनिक्स बदलायची आणि प्रवासी न्यायला सुरुवात करायची. संशोधनाचा खर्च तिथल्या सरकारने केव्हाच केलेला आहे, आपण फक्त शेवटचा टप्पा पुरा करायचा, असं हे गणित. त्याच्या शेजारी दोन पर्याय आहेत: आजही उडणाऱ्या सोयुझ या रशियन यानात जागा घेणं, किंवा पहिल्यापासून नवं यान उभारणं. आपल्याकडे २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही तरुण उद्योजकांचा झाला आहे.

माझं मत आधीच सांगतो. माणसं न्यायची असतील तर गोदामातलं यान घेऊ नका. ते जुनं आहे हे मात्र त्याचं कारण नव्हे. सोयुझचा मूळ आराखडा त्याहून जुना आहे, आणि तिच्यात बसायला मी एका पायावर तयार होईन. बघायचं ते हे, की ज्या कारखान्यात ते यान बनलं तो आज चालू आहे की बंद पडला.

अल्माझ: चांगलं यंत्र, तुटलेली साखळी

गोदामातल्या यानाचा प्रस्ताव सगळ्यात ठळकपणे मांडला तो एक्सकॅलिबर अल्माझ या कंपनीने. २००५ साली स्थापन झालेली, आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरून चालणारी कंपनी. तिने विकत घेतलेल्या मालाचं कूळ उत्तम होतं. मॉस्कोजवळच्या रेउतोव्हमध्ये व्लादिमिर चेलोमेय यांच्या संस्थेने अल्माझ नावाचं लष्करी अंतराळ स्थानक बनवलं. सॅल्यूत-३ आणि सॅल्यूत-५ या नावांआड उडाली ती अल्माझ स्थानकंच. सॅल्यूत-३ वर तर चक्क तोफ बसवली होती. या स्थानकांवर माणसं आणि सामान पोचवण्यासाठी चेलोमेय यांनी टीकेएस हे वेगळं यान आखलं. त्याचे दोन भाग: पुढे तीन माणसांना परत आणणारी व्हीए कॅप्सूल आणि मागे इंधन, सामान व इंजिनं असलेला एफजीबी हा मोठा भाग.

या कॅप्सूलमधली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. परतताना वातावरणाचा सगळा मारा झेलतं ते तळाचं उष्णतारोधक कवच. चेलोमेय यांच्या माणसांनी नेमक्या त्याच कवचात दार कापलं. अंतराळवीराने खुर्चीतून उठायचं, तळातल्या त्या दारातून सरपटत मागच्या भागात जायचं, परतीच्या वेळी दार घट्ट लावून पुन्हा जागेवर बसायचं, आणि त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला आगीचा लोळ. ऐकताना अंगावर काटा येतो, पण दाराने दगा दिला नाही. डिसेंबर १९७६ मध्ये कॉसमॉस-८८१ आणि कॉसमॉस-८८२ या दोन कॅप्सूल एकाच प्रोटॉन रॉकेटवरून गेल्या आणि परत आल्या. ऑगस्ट १९७७ मध्ये प्रोटॉन उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झालं, तेव्हा सुटका रॉकेटने वरची कॅप्सूल खेचून वाचवली. १९८३ मध्ये कॉसमॉस-१४४३ ची कॅप्सूल सॅल्यूत-७ वरून सुमारे ३५० किलो सामान घेऊन उतरली. पुन्हा वापरता येईल अशा बेताने ती बनवलेलीच होती. एवढं सगळं झालं, पण माणूस बसवून ती एकदाही उडाली नाही.

म्हणजे यंत्र टाकाऊ नव्हतं, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. एक्सकॅलिबर अल्माझने अशा काही कॅप्सूल आणि अल्माझ स्थानकाचे दोन सांगाडे घेतले. सांगाडे २०११ च्या जानेवारीत आइल ऑफ मॅनवरच्या जर्बी इथे पोचले. त्याच वर्षी नासाने कंपनीशी करार केला, पण त्यात पैसा नव्हता, फक्त तांत्रिक देवाणघेवाण होती. २०१२ मध्ये लंडनमध्ये चंद्राभोवतीच्या फेरीची घोषणा झाली, दर माणशी १० कोटी पौंड. पुढे कोर्टकज्जे झाले, उड्डाण झालं नाही.

घोडं कुठे अडलं ते दोन आकड्यांतून कळतं. २०१४ मध्ये ब्रसेल्समध्ये एका व्हीए कॅप्सूलचा लिलाव झाला. किंमत आली १० लाख युरो. त्याच वर्षी नासाने माणसं नेणारं यान पूर्ण करण्यासाठी स्पेसएक्सला २६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. चलनातला फरक सोडून द्या. एक रक्कम दुसरीच्या हजारपटीहून मोठी आहे. मधला सगळा पैसा जातो तो कॅप्सूलच्या धातूबाहेरच्या गोष्टींवर: रॉकेट, मागचा सेवा भाग, सुटका रॉकेट, पॅराशूट, स्फोटक बोल्ट, रबरी सील, उड्डाण नियंत्रण, आणि प्रत्येक जोडणीच्या चाचण्या. व्हीए ज्यावर बसायची ते प्रोटॉन विषारी इंधनावर चालतं आणि त्याने कधीही माणूस नेलेला नाही. पॅराशूटचं कापड, स्फोटकं, सील यांना वापराची मुदत असते. गोदामात पडून असलेल्या यानाची यातली एकही बाब तयार नसते. मग विक्रेता ज्याला 'नव्वद टक्के तयार' म्हणतो ते बिलाच्या हिशेबात एक टक्काही भरत नाही.

याच टीकेएसच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय झालं ते बघा, म्हणजे मुद्दा पक्का होतो. एफजीबीचं काम मॉस्कोच्या ख्रुनिचेव्ह कारखान्यात चालू राहिलं. त्याच घडणीतून मीर या सोव्हिएत अंतराळ स्थानकाचे क्वांत-२, क्रिस्ताल, स्पेक्त्र आणि प्रिरोदा हे भाग निघाले, आणि २० नोव्हेंबर १९९८ रोजी झार्या गेलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा तो पहिलाच तुकडा, अमेरिकी पैशाने बांधलेला. एकाच यानाची पुढची बाजू लिलावात गेली, मागच्या बाजूच्या वंशजात आज माणसं राहतात. आणि जिथे हीच घडण मध्येच थांबली तिथे काय झालं? झार्यासाठी राखीव म्हणून सुरू केलेला सांगाडा वर्षानुवर्षं रखडला आणि नाउका नावाने २०२१ मध्ये उडाला. मध्यंतरी त्याच्या इंधन नळ्यांमध्ये धातूचा कीस सापडला होता. स्थानकाला जोडल्यावर काही तासांतच त्याची इंजिनं आपोआप सुरू झाली आणि अख्खं स्थानक सुमारे दीड वेढा फिरलं. अनुभवी संस्था आणि सरकारी तिजोरी पाठीशी असूनही थांबलेलं काम पुन्हा उचलणं इतकं जड जातं.

चाळीस वर्षं झोपलेलं इंजिन

संपूर्ण यान नको, नुसतं इंजिन घेऊ, असा मध्यममार्ग सुचवला जातो. त्याचा निकालही लागलेला आहे. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-१ साठी कुझनेत्सोव्ह यांच्या संस्थेने एनके-३३ बनवलं. एन-१ रद्द झालं, इंजिनं गोदामात गेली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एरोजेटने तीसेक इंजिनं सुमारे ११ लाख डॉलरला एक या भावाने घेतली. भाव अविश्वसनीय होता, कारण ते इंजिन त्याच्या काळाच्या फार पुढचं होतं. केरोसीनवर चालणारं आणि ऑक्सिजनने समृद्ध वायू पंप फिरवायला वापरणारं असं इंजिन अमेरिकेकडे तेव्हा नव्हतं.

पण याच खुबीत धोका होता. प्रचंड दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये धातूच इंधन बनतो. पंपाच्या फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या बारीक फटीत कण अडकला किंवा दोन भाग घासले तर ठिणगी पडते आणि पंप जळतो. २०११ मध्ये चाचणीत आग लागली, कारण चाळीस वर्षं पडून असलेल्या धातूला तडे गेले होते. मे २०१४ मध्ये आणखी एक इंजिन चाचणीत फुटलं. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात हीच इंजिनं लावलेलं अँटारेस रॉकेट उडाल्यावर काही सेकंदांत कोसळलं. स्फोट द्रव ऑक्सिजनच्या पंपात झाला होता. सुदैवाने वर फक्त सामान होतं. नासाच्या चौकशी गटाला आराखड्यातली कमजोरी, बाहेरचा कण किंवा घडणीतला दोष, यांपैकी नेमकं एक कारण ठरवता आलं नाही. घडवणारे हात त्याच कारखान्यात असते आणि नवी इंजिनं रोज निघत असती, तर दोष शोधून पुढच्या इंजिनात सुधारता आला असता. इथे साठाच मोजका होता. अँटारेसने पुढे रशियातच नव्याने तयार होणारं आरडी-१८१ घेतलं.

चालती सोयुझ

सोयुझ १९६७ पासून माणसं नेते आहे. १९६७ आणि १९७१ च्या दुर्घटनांनंतर तिच्यात कुणी दगावलेलं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉकेट मध्येच बिघडलं तरी दोघेही अंतराळवीर सुखरूप उतरले. हे यान आतून अडचणीचं आहे, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं, पण प्रत्येक उड्डाणातून शिकलेली गोष्ट पुढच्या यानात जाते. खासगी प्रवासाचा पहिला धडाही इथलाच: एप्रिल २००१ मध्ये डेनिस टिटो सुमारे दोन कोटी डॉलर देऊन गेले. त्यांच्या मागून मार्क शटलवर्थ, अनुशेह अन्सारी, चार्ल्स सिमोनी असे कितीतरी जण गेले. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते याच कुळातल्या सोयुझ टी-११ ने.

इथला धोका यंत्रात नसून मालकीत आहे. २००० साली मीरकॉर्प या खासगी कंपनीने मीर स्थानकच भाड्याने घेतलं. सर्गेई झाल्योतिन आणि अलेक्सांद्र कालेरी यांना तिने पैसे देऊन पाठवलं, त्यांनी स्थानक पुन्हा राहण्याजोगं केलं. तरीही २३ मार्च २००१ ला सरकारने मीर पॅसिफिकमध्ये पाडलं. भाडेकरूचं मत तिथे चाललं नाही. मार्च २०२२ मध्ये वनवेब या उपग्रह कंपनीचे सोयुझ रॉकेटने जाणारे ३६ उपग्रह कझाकस्तानातल्या बैकानुर या प्रक्षेपण केंद्रावर उड्डाणाच्या तोंडावर अडकले, आणि कंपनीला इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटकडे यावं लागलं. भर म्हणून, माणसं नेणाऱ्या सोयुझसाठी २०१९ नंतर बैकानुरचा एकच तळ उरला, आणि नोव्हेंबर २०२५ मधल्या उड्डाणात त्याचाच सेवा-मंच कोसळला. भावही चढते: नासाला एका जागेसाठी शेवटी सुमारे नऊ कोटी डॉलर मोजावे लागले.

नवं बांधणं

इथे थोडक्यात सांगतो. स्पेसएक्सच्या ड्रॅगनने मे २०२० मध्ये माणसं नेली, आणि २०२४ च्या पोलारिस डॉन मोहिमेत खासगी प्रवाशांनी यानाबाहेर पाऊल टाकलं. शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये याच यानातून स्थानकावर गेले. पण नवं म्हणजे खात्रीचं, असं समजू नका. स्पेसएक्सला नासाचं कंत्राट मिळालं त्याच वेळी बोइंगला ४२० कोटी डॉलरचं मिळालं होतं, आणि २०२४ मध्ये त्यांचं स्टारलायनर अंतराळवीरांना वरच ठेवून रिकामं परत आलं. नव्या यानाला वेळ आणि पैसा दोन्ही खोल विहिरीसारखे लागतात. फायदा एवढाच, पण तो फार मोठा: चूक कुठे झाली हे सांगणारी माणसं तुमच्याच इमारतीत असतात.

चौथी वाट, जी आपण चाललो

भारताकडे याचा स्वतःचा अनुभव आहे. केव्हीडी-१ हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन सोव्हिएत चांद्रमोहिमेसाठी आखलेलं आणि तेव्हा कधीच न उडालेलं. तंत्रज्ञानासह ते घेण्याचा रशियाशी झालेला करार अमेरिकी दबावाखाली १९९३ मध्ये मोडला, तयार इंजिनं मात्र मिळाली. १८ एप्रिल २००१ रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटवर ते पहिल्यांदा उडालं. गोदामातल्या मालापेक्षा हा प्रकार वेगळा: बनवणारे लोक हयात होते, पाठीशी होते, आणि वर उपग्रह होता, माणूस नव्हता. मुख्य म्हणजे इस्रो त्या इंजिनांवर विसंबून बसली नाही. स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन करताना एप्रिल २०१० मध्ये अपयश पचवलं आणि ५ जानेवारी २०१४ ला यश मिळवलं. आज विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची इंजिनं घडतात. आयात केलेल्या मालाने मधली वर्षं भागवली, तोवर घरचा कारखाना उभा राहिला.

म्हणून प्रवासी म्हणून जायचं असेल तर आज ड्रॅगन घ्या, सोयुझ दुसऱ्या क्रमांकावर. सोयुझचा करार करताना तळ बंद पडला किंवा राजकारण आडवं आलं तर पैसे कसे परत मिळणार, हे कलम आधी लिहून घ्या. उद्योग उभारायचा असेल तर माणसांऐवजी सामान नेणाऱ्या नव्या यानापासून सुरुवात करा, आणि जुन्या आराखड्यांचा अभ्यास खुशाल करा. कवचातल्या त्या दाराच्या चाचण्यांतून आजही शिकता येईल. आणि तरीही कुणी स्वस्त कॅप्सूल पुढे केलीच, तर किमतीची बोलणी नंतर. आधी विचारा: असं यान शेवटचं कधी जोडलं गेलं, ते जोडणारे किती जण आज कामावर आहेत, आणि त्याचा पुढचा सुटा भाग कोणत्या कारखान्यातून येणार. या तिन्हींची लेखी उत्तरं मिळेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका.