वाणात आलेली पुडी

मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वाण म्हणून एक प्लास्टिकची वाटी, कंगवा आणि पावडरीची एक पुडी मिळाली. वाटी अजून वापरात आहे. पुडी मला सोळा हजाराला पडली, आणि ते सोळा हजार माझे नव्हते, बचत गटाचे होते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश असं शिवणकाम करते. घरची चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. लग्न झालं तेव्हा मीही निंदायला, वेचायला जायची. मशीन घेतली आणि बसून बसून वजन चढत गेलं. बेचाळिसाव्या वर्षी 78 किलो, उंची पाच फूट एक इंच. गुडघे कुरकुरायला लागले होते. म्हणजे वजन कमी करायची गरज खरीच होती. खोटी गरज दाखवून मला कोणी फसवलं नाही, हे आधीच सांगते.

पुडी देणारी मॅडम तालुक्याची. बसस्टँडमागे कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत तिचा ‘क्लब’ होता. भिंतीवर हिरवे पडदे, भिंतभर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. आधीच्या फोटोतली बाई वाकलेली, गाऊनमध्ये, केस विस्कटलेले. नंतरची ताठ, साडीत, लिपस्टिक लावून. मी शिवणारी बाई, मला तेव्हाच दिसायला हवं होतं की दोन फोटोंत कमरेपेक्षा कपड्यांचाच फरक जास्त आहे. पण पाहायची इच्छा असली की माणूस तेवढंच पाहतो.

दोनशे रुपयांत ‘बॉडी चेकअप’. दोन्ही हातांत धरायचं एक यंत्र. त्यात मॅडमने माझं वय, उंची, वजन टाकलं आणि यंत्राने सांगितलं की माझ्या शरीराचं वय 61 आहे. माझ्या पोटात गोळा आला. यंत्र अंगातून हलका विजेचा प्रवाह सोडून बाकीचं सगळं आपण टाकलेल्या आकड्यांवरून हिशोबाने काढतं, उंची चार बोटं कमी टाकली तर चरबी वाढलेली दिसते, हे फार पुढे कळलं. माझी उंची तिने विचारलीच नव्हती. अंदाजाने टाकली होती.

पहिलं वजन केलं ते संध्याकाळी पाच वाजता. घरून वरण-भात, वांग्याची भाजी जेवून निघाले होते, पोचल्यावर चहा झाला होता, अंगात स्वेटर, पायात चप्पल. काटा म्हणाला 79.8. दहा दिवसांनी मॅडमने सकाळी साडेसहाला बोलावलं. ‘पाणीसुद्धा न पिता या, ताई.’ स्वेटर काढायला लावला, चप्पल काढायला लावली. 75.9. चार किलो! खोलीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या घरी तीन पिढ्या कापूस विकतात. व्यापारी काटा कसा मारतो, पोत्यामागे किती घट धरतो, हे माझ्या लेकराला पण पाठ आहे. आणि मी स्वतःच्या अंगावर काटा मारून घेऊन वर पेढे वाटले.

आता ‘डाएट’ सांगते, कारण खरी मेख तिथं आहे. सकाळी पाण्यातला शेक. दुपारी एक पोळी, काकडी-टमाटर, तेल नको, वरण नको. रात्री परत शेक. मधे भूक लागली तर कसलासा कोमट चहा. भाकरीचं नाव काढलं की मॅडम हसायची. ‘भाकरीनेच तर ही अवस्था झाली ना?’ पहिला डबा दहा दिवसांचा, 2,200. पुढे महिन्याला 6,800. पैसे कंपनीच्या नाही, मॅडमच्या नवऱ्याच्या फोनवर जायचे. बिल मागितलं तर म्हणाली, ‘आपल्यात कसलं बिल?’

महिन्याभरात 72 झाले. पण दुपारी मशीनवर बसलं की सुई ओवता येईना, दोरा दिसे पण छिद्र दिसेना. थंडीचे दिवस संपले तरी माझे हातपाय गार. लेकीवर उगाच ओरडायची. रात्री झोपेत मला गोळाभात दिसायचा, वरून हिंगाचं कडकडीत तेल ओतलेला. मॅडमला सांगितलं. ती म्हणाली, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, हे चांगलं लक्षण आहे. किती सोयीचं उत्तर! बरं वाटलं तर पावडरीमुळे, वाईट वाटलं तर घाणीमुळे.

सासूबाईंनी एकदाच टोकलं. ‘काहून अशी चिपाड होऊन रायली व? बैलाले पेंड बंद केली अन् वखराले जुंपलं तर तो बी बसते.’ मी त्यांना म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही.

पुढचं लिहायला हात जड होतो. दुसऱ्या महिन्यात पैसे संपले, तेव्हा मॅडम म्हणाली, चार जणी आणा, तुमचा डबा फुकट. मी आणल्या. माझी जाऊ, शेजारची वहिनी, शाळेतली खिचडी शिजवणारी ताई, आणि एक मजुरीला जाणारी बाई, जिचे ब्लाउज मी शिवते. ‘तुमी येवढ्या बारीक झाल्या बाई, मले बी सांगा ना,’ असं ती म्हणाली होती. तिचं वजन जास्त म्हणावं असं नव्हतंच. चार लेकरांनंतर पोट सुटलं होतं एवढंच. ती सकाळी शेक पिऊन दिवसभर फरदडीचा कापूस वेचायची.

एप्रिलमध्ये आमच्याकडे ऊन 43-44 वर जातं. दारव्ह्याच्या बाजारात मी चक्कर येऊन पडले. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं. हिमोग्लोबिन 8.6. दोन महिने पाळी आली नव्हती. डॉक्टरांनी काय खाता विचारलं, मी अभिमानाने सांगितलं, आणि त्यांनी चिठ्ठी लिहून यवतमाळच्या आहारतज्ज्ञ ताईंकडे पाठवलं.

त्या ताईंनी माझ्याकडून डबा मागवून घेतला, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि कागदावर मांडलं. दोन्ही शेकचे मिळून दोनशेच्या आत कॅलरी. पोळी आणि काकडी-टमाटरचे फार तर दोन-अडीचशे. एकूण साडेचारशेच्या आसपास. मग म्हणाल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये जे आकडे दिले, त्यात बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईला दिवसाला 1,660 कॅलरी लागतात, मध्यम कष्टाला 2,130 आणि जड कष्टाला 2,720. माझ्या डोळ्यांपुढे ती वेचणारी बाई आली. मी मान वर केली नाही.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला उपासमारीचा अभ्यास करायला 36 धडधाकट तरुण घेतले होते. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडायला लागले, दिवसरात्र जेवणाचेच विचार, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांना दिवसाला मिळायच्या सुमारे 1,600 कॅलरी. उपासमार म्हणून जे ठरवून दिलं होतं, ते माझ्या ‘डाएट’च्या तिपटीहून जास्त होतं.

पण पहिले चार किलो गेले कसे? त्यातले दीडेक किलो स्वेटर, चप्पल, जेवण आणि चहाचे. उरलेल्यातलं बरंचसं पाणी. अंगात साखरेचा साठा असतो, त्यातल्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की आधी तो साठा आणि ते पाणी निघून जातं. घरी येऊन हे मी नवऱ्याला सांगितलं, तर त्यांना एका झटक्यात समजलं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसात 8 टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याहून जास्त असला की कपात, 12च्या वर गेला की गाडी परत. ‘म्हंजे तुहा ओलावा गेला, कापूस तेवढाच,’ ते म्हणाले. पुढच्या महिन्यांत कापूसही गेला होता, पण नको तो. चरबीबरोबर मांस झडलं होतं. शिवाय इतकं कमी मिळायला लागलं की शरीर खर्च आवरतं आणि भूक वाढवतं.

डबा बंद केल्यावर ते व्याजासकट दिसलं. एप्रिलअखेर 67 होते, दसऱ्यापर्यंत 76. त्याआधी मे-जूनमध्ये केस झडले. उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी केस जातात, लगेच नाही, म्हणून मॅडमला म्हणायची सोय झाली, ‘बघा, शेक सोडला म्हणून.’ जावेच्या कंगव्यात तर पुंजकेच्या पुंजके. ती मला काही बोलली नाही. सहा महिने काहीच बोलली नाही.

दिवाळीनंतर मी परत ताईंकडे गेले. त्यांनी माझं वजन, उंची, वय घेऊन सांगितलं, शिवणकाम करत तुमचा खर्च दिवसाला 1,900च्या घरात आहे, तुम्ही 1,500 खा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पंधराशे? साडेचारशेवर असताना पडले, आता तिप्पट खाऊन बारीक होणार? त्या म्हणाल्या, एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज चारशेची तूट पडली तर तीन आठवड्यांत एक किलो. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा घाई करायची नाही.

ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात 330च्या आसपास कॅलरी. मी शिवणाच्या सवयीने सगळं मोजून पाहिलं: माझी भाकर साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे दोनशे. दुपारी दोन भाकरी, घट्ट वरण, भाजी, ताक. सकाळी मोड आलेली मटकी नाहीतर दोन अंडी. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री एक भाकर किंवा थोडा भात, परत वरण, परत भाजी. अंबाडी, चवळी, काही असो. मग माझं वजन वाढत कशाने होतं? तेलाने, आणि शिवता शिवता तोंडात टाकलेल्या शेव-चिवड्याने. तेलाचा 15 किलोचा पिपा आमच्या पाच जणांना तीन महिने पुरायचा. भागून पाहा, माणशी रोजचे 33 ग्रॅम, तीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. आता तो साडेचार महिने जातो. तर्री पातळ झाली म्हणून पोरगा अजून कुरकुरतो. संध्याकाळी धुऱ्याने तास-दीड तास चालते. काही आठवडे काटा हलत नाही, लग्नसराईत तर वर गेला. सात महिन्यांत 76 चे 69 झाले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

तक्रार करायला गेले तेव्हा बिल नसल्याचं कळलं किती महागात पडतं ते. ग्राहक हेल्पलाइनवर 1915ला फोन लावला, तर त्यांनी पहिल्यांदा पावतीच मागितली. माझ्याकडे होते फोनवरचे दोन व्यवहार, एका माणसाच्या नावाचे. डब्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा 14 आकडी नंबर होता. तो दाखवून मॅडम म्हणायची, ‘सरकारमान्य आहे.’ तो नंबर धंद्याच्या परवान्याचा असतो, वजन उतरण्याची हमी नसते. आणि एक बारकावा: पत्रकावर ‘औषध’ हा शब्द कुठेच छापलेला नव्हता. 1954चा औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे आणि मधुमेहही. म्हणून कागद गप्प, आणि तोंडाने मात्र साखर जाते, थायरॉइड जातो, गुडघे भरून येतात. तुमच्याकडे कोणी असं काही घेऊन आलं तर तोंडी बोललेलं कागदावर लिहून सही मागा. माझ्या वहिनीकडे नवीन एक जण आली होती, सही मागितल्यावर चहा न पिताच उठली.

क्लबची खोली आता रिकामी आहे. मॅडम दुसऱ्या तालुक्यात गेली म्हणतात. गटाचं कर्ज मी मार्चमध्ये फेडलं.

गेल्या आठवड्यात ती वेचणारी बाई दोन ब्लाउज घेऊन आली. मागच्या वर्षी मीच ते तिच्या अंगावर मापून आत घेतले होते, दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच, आणि घेताना तिला म्हटलं होतं, ‘बघ, किती बारीक झाली!’ आता ते परत घट्ट होत होते. मी नेहमी आत माया सोडून शिवते, कापत नाही, म्हणून ती शाबूत होती. शिवण उसवली, दोरे वेचून काढले, नवी टीप मारली. पैसे नको म्हटलं. तिने पदराची गाठ सोडून साठ रुपये मोजले, मशीनच्या फळीवर ठेवले आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, ‘बाई, तो डबा किती दिवस सांभाळून ठेवला होता मी. आता त्यात जवस भरून ठेवलं.’