राजारामपुरीतील अभ्यासिका : वर्षभराचा अनुभव
पंचविशी उलटली तरी नोकरी धरावी की स्पर्धा परीक्षा द्यावी हे ठरत नव्हते आणि घरी रोज तोच विषय निघत असे, तेव्हा मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील या अभ्यासिकेत जागा घेतली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून ज्या शहरात शिकणाऱ्या मुलांची सोय लावली, तेथे अशी शांत, परवडणारी खोली आजही मिळते, याचे मला अप्रूप वाटते. माझ्या टेबलाच्या कडेला आधीच्या कोणीतरी पेनाने परीक्षांच्या पाच तारखा लिहिल्या आहेत. चार खोडलेल्या आहेत, पाचवीभोवती गोल आहे. त्या गोलाने मला अनेकदा धीर दिला. उन्हाळ्यात मात्र पंखे अपुरे पडतात. आता नोकरी सांभाळून मी केवळ संध्याकाळीच येतो. अशांसाठी अर्ध्या वेळेचे शुल्क ठेवावे, ही चालकांना विनंती.