क्लब काढताय? पोकेमॉन बॅटल अकॅडमीपासून सुरुवात करा

युनिव्हर्सिटीत कार्ड गेमचा क्लब काढला तेव्हा निम्म्या पोरांना नियमच माहीत नव्हते, मग वर्गणी काढून पोकेमॉनचा कार्ड गेम शिकवणारा हा बॉक्स घेतला आणि खरं सांगतो, पैसे वसूल. 60-60 पत्त्यांचे 3 तयार डेक, बोर्ड, नाणं, शिवाय पहिला डाव अक्षरशः हात धरून शिकवणारं पुस्तक, फक्त तोवर डेक पिसायचा नाही, आमच्यातल्या एकाने सवयीने पिसला आणि अर्धा तास सगळा क्रम परत लावत बसलो. दुसऱ्या आठवड्यात एका ज्युनिअरने शेवटचं, सहावं प्राइज कार्ड उचललं, म्हणजे डाव जिंकला, तेव्हा हात थरथरत होते तिचे! स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांची प्लास्टिक कव्हरं, मात्र लगेच घ्या, पावसाळी हवेत पत्ते वाकतात. बूस्टर पॅक, म्हणजे जास्तीच्या पत्त्यांची पाकिटं, नंतर बघू, सध्या दर शुक्रवारी कॅन्टीनच्या कोपऱ्यात नंबर लागतात.