परदेशातला गेलिक फुटबॉल क्लब: एक अख्खा हंगाम खेळल्यावर

जर्मनीत नोकरीला आलेल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी अलीकडे विचारलं, "तो तुझा आयरिश फुटबॉलचा क्लब खरंच चांगला आहे का? आम्ही यावं का?" मार्चमध्ये सुरू झालेला हंगाम ऑक्टोबरात संपला, तेव्हा आता सगळं नीट लिहिते. क्लबचं आणि शहराचं नाव देत नाही. क्लब लहान आहे, माणसं लगेच ओळखू येतील.

आधी खेळाबद्दल, म्हणजे गेलिक फुटबॉलबद्दल. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चारच पावलं. मग एकतर जमिनीवर टप्पा मारायचा, नाहीतर 'सोलो' करायचा, म्हणजे चेंडू पायावर सोडून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. गोलपोस्टचे खांब उंच असतात. चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक पॉइंट, खालून जाळीत गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. बायकांच्या खेळात चेंडू थोडा लहान असतो, जमिनीवरून थेट हाताने उचलता येतो आणि मुद्दाम अंगावर जाणं हा फाऊल धरतात. पुरुषांचे सामने पाहून घाबरलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळ्यांची गाडी अडते ती सोलोवर. आमची कोच आयर्लंडमधल्या मेयोची, पेशाने शिक्षिका. तिने मला पहिल्यांदा उभ्या जागी शिकवलं: चेंडू फेकायचा नाही, नुसता सोडायचा. उजव्या हातातून उजव्या पायावर. घोटा घट्ट, बुटाचं टोक आपल्याकडे वळलेलं. बुटाचा अलगद स्पर्श झाला की चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो आपसूक पोटाशी येतो. हे चालत, मग पळत, मग अंगावर कुणी येत असताना. ज्या संध्याकाळी खाली न बघता मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सोलो करत गेले, त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला फोन केला. शाळेत खो-खो खेळलेल्यांना हुलकावणी देऊन निसटणं जमतंच, त्याचा इथे फार उपयोग होतो.

मैदान आमचं स्वतःचं नाही, तासावर मिळतं. ते सॉकरचं, त्यामुळे गोलपोस्टला उंच खांब नाहीत. प्लास्टिकचे लांब पाइप दोन्ही खांबांना पट्ट्यांनी आवळून बांधतो. वारा सुटला की ते डोलतात आणि चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर वाद होतो. ते पाइप मोटारीच्या टपावरून आणणं, बांधणं, काढणं हे सगळं खेळाडूच करतात.

मला हा क्लब धरून ठेवतो तो याच कारणाने. आयर्लंडमध्ये या खेळाची संघटना (GAA) 1884 साली थर्ल्स गावात स्थापन झाली आणि खेळ आजही हौशीच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 82,000 प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्यालाही खेळण्याचा पगार मिळत नाही. सोमवारी तो आपल्या नोकरीवर जातो. परदेशातल्या क्लबातही तीच रीत. नवीन आलेल्याला पाहुणा म्हणून बसवत नाहीत, काम देतात. दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे जर्सीची बॅग आली. माझ्या पहिल्या स्पर्धेत आमचा सामना नव्हता तेव्हा मला पांढरा कोट घालून गोलपोस्टजवळ अंपायर म्हणून उभं केलं: पॉइंटला पांढरा झेंडा, गोलला हिरवा. ऑफिसातल्या सहकाऱ्यांशी वर्षभरात झाली नाही एवढी ओळख त्या एका दुपारी झाली.

युरोपात साधारण अकरा-अकरा जणींचे संघ असतात, कारण पंधरा जमवणं कठीण. अकराही जमेनात तर दोन क्लब मिळून एक संघ उतरवतात. माणसांची गरज खरी असल्यामुळे दार सगळ्यांना उघडं असतं. आमच्यात निम्म्या आयरिश. बाकी जर्मन, स्पॅनिश, एक पोलिश, एक मी. फ्रान्समधल्या ब्रिटनीत आणि स्पेनमधल्या गॅलिसियात तर बहुतेक स्थानिकांचेच क्लब आहेत, आणि ते जोरदार खेळतात. आपल्या महाराष्ट्र मंडळाची मी सभासद आहे, गणपतीला ढोलही वाजवते. तिथलं प्रेम मनापासूनचं आहे. पण मंडळात माझी ओळख गावावरून आणि आडनावावरून सुरू होते, इथे ती डाव्या बगलेवर पळणारी म्हणून सुरू झाली. मला दोन्ही हवं आहे.

मैदानाबाहेरचं आयुष्य भरगच्च आहे. 17 मार्चची सेंट पॅट्रिक मिरवणूक, निधीसाठी प्रश्नमंजूषा, हंगामाअखेरचं जेवण. पण सगळ्यात लक्षात राहिला तो 27 जुलै 2025 चा पुरुषांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना, केरी विरुद्ध डोनेगल, आयर्लंडमधल्या दोन काउंटी म्हणजे जिल्हे. पबमध्ये आमच्या दोघी डोनेगलच्या, एक केरीची. केरी जिंकली, 1-26 विरुद्ध 0-19. पहिला आकडा गोलांचा, म्हणून केरीचे 29 धरायचे. पुरुषांच्या खेळात 2025 पासून गोलसमोर आखलेल्या 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलं की एकाऐवजी दोन पॉइंट मिळतात, त्यामुळे लांबून मारणाऱ्यांना फार महत्त्व आलंय. सामना संपला तेव्हा डोनेगलची एक जण डोळे पुसत होती. ती मूळ गावी गेल्याला चार वर्षं झाली होती. केरीवाली उठून तिच्या शेजारी जाऊन बसली, काही न बोलता.

आता अडचणी. फी जिमच्या मानाने कमी आहे, खर्च होतो तो प्रवासाचा. दुसऱ्या देशात स्पर्धा असली की बस, हॉस्टेल, जेवण धरून महिन्याचं गणित हलतं, आणि शनिवार-रविवार दोन्ही जातात. बोटं मुरगळतात, अंगठी घालून खेळू नका आणि माउथगार्ड पहिल्या दिवसापासून घ्या. विम्यात काय येतं ते आधी विचारून घ्या. मैदानावर तुटक, वेगात बोललेलं आयरिश इंग्रजी कळायला वेळ लागतो. न कळलं तर परत विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. खेळानंतर बिअर असतेच. मी पीत नाही, त्यावर आग्रह झाला नाही. शाकाहारी असाल तर स्पर्धेला डबा न्या, ग्रिलवर फक्त सॉसेज असतात.

खरी खंत वेगळी आहे. माणसं टिकत नाहीत. कुणाचा करार संपतो, कुणी लग्नाला म्हणून जाते आणि तिकडेच राहते. जूनमध्ये आमची गोलकीपर कॉर्कला परत गेली, आणि मी ज्यांच्याशी सगळ्यात जवळची झाले त्यातली ती एक होती. क्लबवाले हे दरवर्षी सोसतात आणि पुन्हा नवीन माणसं गोळा करतात.

धावायची तयारी असेल आणि कामाला हात लावायची असेल तर नक्की जा. नुसता व्यायाम हवा असेल तर जिम बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा सगळ्यांनाच मुळापासून शिकवतात. ऑगस्टमध्ये गेलात तर संघ स्पर्धेच्या घाईत असतो. बूट सॉकरचे चालतात. पहिले काही सराव बहुतेक ठिकाणी फुकट असतात. मी पुढच्या हंगामाचं नाव दिलंय, आणि जर्सीची बॅग अजून माझ्याकडेच आहे.