स्कायची सहल: किल्ला घाईत, डिस्टिलरी निवांत

एडिंबरोहून निघणारी, स्कॉटलंडच्या स्काय बेटाची तीन दिवसांची मिनीबसची सहल. मुलाने आम्हा दोघांना बुक करून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तक्रार आहेच: आयलन डोनन किल्ल्याला मोजून ३५ मिनिटं! त्यातली बारा तिकिटाच्या रांगेत गेली आणि आतलं स्वयंपाकघर राहिलं ते राहिलंच. तीन लॉख (समुद्राचे आत शिरलेले फाटे; तिकडे तळ्यालाही लॉखच म्हणतात) मिळतात तिथल्या चिमुकल्या बेटावरचा हा किल्ला १७१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला. आज दिसतो तो १९१२ ते १९३२ या काळात पुन्हा उभारलेला. फोटोत देखणा, पण पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्यासारख्याला जरा जास्तच धडधाकट वाटला.

पोर्ट्रीच्या बंदरावरची रंगीत घरं छान. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा खडकाचा सुळका धुक्यात, दिसलाच नाही.

पण कार्बोस्ट गावची टॅलिस्कर व्हिस्कीची डिस्टिलरी! मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. आमची मळी, आमचा रात्रंदिवस चालणारा ऊर्ध्वपातनाचा कॉलम. इथे तांब्याची पाच पॉट स्टिल, म्हणजे ऊर्ध्वपातनाची भांडी: दोन वॉशची (आंबवलेल्या द्रवाची), तीन स्पिरिटची (दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची). १९६० च्या आगीनंतर पुन्हा हुबेहूब तशीच घडवून घेतली. बाहेर लाकडी टाक्या, त्यांतल्या गार पाण्यात तांब्याची वेटोळी नळी. वाफ गार करून दारू करणारा तोच कंडेन्सर! मी तिथे इतका रेंगाळलो की गाइडबाईंनी विचारलं, तुम्ही या धंद्यातले का?

पिंपातून दरसाल साधारण २ टक्के दारू उडून जाते, तो म्हणे देवदूतांचा वाटा. सगळे हसले. मला आमचे एक्साइजचे साहेब आठवले. तुटीचा हिशेब दोन लिटरने चुकला तरी लेखी खुलासा मागायचे.

सौ.ने ग्लास नाकाशी नेला नि म्हणाली, "अहो, हा तर हुरड्याच्या आगटीचा धूर!" अगदी बरोबर. माल्ट (मोड आणलेली बार्ली) वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर देतात.

डिस्टिलरीच्या टूरचे पैसे सहलीत धरलेले नाहीत आणि जागा भरतात, तेव्हा आधीच बुक करा. शाकाहारी लोकांनी व्हेज हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाच्या स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकार) मागावं, सौ.ने दोनदा खाल्लं. रेनकोट हवाच.

सहलीला पाचपैकी तीन, डिस्टिलरीला पाच. तिथे सौ.च्या वाटचे घोटही मीच संपवले. त्यामुळे परतीला बस लॉख नेसवर थांबली तेव्हा मी घोरत होतो. हिने उठवलं नाही.