जुन्या स्कॉर्पिओसाठी घेतलेला साडेसातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमची स्कॉर्पिओ २०१३ च्या उत्तरार्धात पुण्यात नोंदवलेली, २१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनाची असून आजवर २ लाख ७४ हजार किलोमीटर चालली आहे. एवढ्या चाललेल्या गाडीचा खरा त्रास मोठ्या बिघाडांचा नसतो, कारण मोठा बिघाड निदान स्पष्ट तरी दिसतो. त्रास असतो तो येऊन-जाऊन असणाऱ्या दोषांचा, जे घाटात हटकून दिसतात आणि गॅरेजच्या दारात हमखास नाहीसे होतात. अशा दोषांचा माग काढण्यासाठी मी दीड वर्षापूर्वी ओबीडी, म्हणजे गाडीची स्वनिदान यंत्रणा, वाचणारा हा ब्लूटूथ स्कॅनर साडेसातशे रुपयांना मागवला.

काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे असलेले हे यंत्र स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसते आणि मोबाइलमधील टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारख्या अ‍ॅपला इंजिनच्या ईसीयूकडून (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडून) मिळणारे आकडे पुरवते. माझ्या यंत्रावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. खोक्यावर ‘ईएलएम३२७ आवृत्ती १.५’ असे ठळक छापलेले आहे. ईएलएम३२७ ही अशा स्कॅनरमधली चिप. गंमत अशी की तिच्या मूळ कॅनेडियन उत्पादक एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही. म्हणजे नक्कल आहे हे खोकेच सांगते, आणि या किमतीत दुसरे काही मिळण्याची अपेक्षाही नव्हती.

खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे. भारत स्टेज ४ या प्रदूषण निकषांच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाले. परंतु स्टेज ४ हे निकष त्या काळी मोजक्याच शहरांत लागू होते आणि देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून आले. त्यामुळे माझ्याच वर्षाची, पण दुसऱ्या जिल्ह्यात नोंदवलेली स्टेज ३ ची गाडी या यंत्राशी बोलेलच असे नाही. सॉकेट दिसले म्हणजे जोडणी होईलच, असे धरून चालू नये.

आता मुख्य अनुभवाकडे वळतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर गाडीचे पिकअप एकाएकी जायचे, मागे काळा धूर दिसायचा, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी ओढायची नाही. कडेला थांबून चावी बंद करून पुन्हा सुरू केली की काही किलोमीटर सर्व सुरळीत चालायचे. एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली असता त्यांनी बॉनेटही पुरते न उघडता टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) गेल्याचे सांगितले आणि पाच आकडी अंदाजपत्रक हातात ठेवले. स्कॅनर मागवण्याचे तात्कालिक कारण तेच होते.

यंत्राने पी०२९९ हा कोड दाखवला. त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो एवढाच आहे. टर्बो खराब झाला आहे असे तो कोड म्हणत नाही. इंजिनला किती दाब हवा हे ईसीयू ठरवतो, प्रत्यक्ष किती मिळाला हे दाबाचा सेन्सर सांगतो, आणि या दोहोंतील तफावत काही काळ टिकली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. ही तफावत फाटलेल्या पाइपमुळे येते, टर्बोच्या पात्यांची स्थिती बदलणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीला चीर गेल्याने येते, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकल्याने येते, खुद्द सेन्सरच चुकीचे सांगत असल्यानेही येते. टर्बो हा या यादीतील सर्वांत महागडा संशयित. म्हणून त्याची पाळी शेवटी यायला हवी, पहिली नव्हे.

कोडपेक्षा अधिक उपयोग झाला तो चालू आकड्यांचा. प्रथम इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गाचा) दाब पाहिला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो; सेन्सरने ९४ दाखवले, म्हणून सेन्सरवरचा संशय दूर झाला. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, मोबाइल शेजारी बसलेल्या मुलाच्या हाती देऊन (हे काम चालकाने एकट्याने करू नये), तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. दाब १३० च्या आसपास जाऊन अडकला, मात्र आत येणाऱ्या हवेचे प्रमाण मोजणारा आकडा वाढतच राहिला. ही विसंगती महत्त्वाची होती. हवेचे मोजमाप टर्बोच्या आधी होते आणि दाबाचे नंतर. मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत नसेल तर ती वाटेत कोठेतरी बाहेर पडत असली पाहिजे. काळ्या धुराचाही उलगडा झाला, कारण ईसीयू डिझेल त्या हवेच्या हिशेबाने सोडत होता जी सिलिंडरमध्ये नव्हतीच.

हे आकडे घेऊन मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मोबाइलकडे फारसे लक्ष दिले नाही, पण माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपखाली हात फिरवला. हात तेलकट निघाला. क्लिपच्या खालच्या बाजूला, वरून अजिबात न दिसणाऱ्या जागी, बोटभर लांबीची चीर होती. दाब कमी असताना ती मिटलेली राहायची आणि चढावर उघडायची. नवीन होज आणि दोन क्लिपा यांवर काम भागले. त्यानंतर त्याच रस्त्यावर तोच प्रयोग केला तेव्हा दाब २०० च्या पुढे गेला. टर्बो आजही मूळचाच आहे.

दुसरा प्रसंग सकाळी सेल्फ लांबण्याचा. थंड इंजिन सात-आठ सेकंद फिरल्याशिवाय सुरू होत नव्हते. बॅटरी नवी होती, डिझेल फिल्टरही बदलून झाला होता. सेल्फ मारताना कॉमन रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या नळीचा) दाब पाहिला तर तो फार सावकाश चढत होता, आणि पुरेसा दाब तयार होईपर्यंत ईसीयू इंजेक्टर उघडू देत नाही. दाब कोठे गळतो हे मात्र या यंत्राला सांगता येत नाही. मिस्त्रींनी चारही इंजेक्टरच्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालवले. तिसऱ्या बाटलीत इतरांच्या जवळजवळ दुप्पट डिझेल जमले. तो एकच इंजेक्टर काढून डिझेल पंपाचे काम करणाऱ्याकडे दुरुस्तीला दिला. येथे स्कॅनरचे श्रेय अर्धेच मानायला हवे. उरलेले अर्धे त्या बाटल्यांचे.

इंजिनचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा दोष तर केवळ सहज आकडे चाळताना सापडला. हायवेवर सलग तासभर चालवूनही कूलंटचे तापमान ६५ अंशांच्या वर जात नव्हते, आणि डॅशबोर्डवरचा काटा पाहून ते कधी लक्षात आले नसते.

जेथे यंत्र निरुपयोगी ठरते ती बाजूही तितकीच मोठी आहे. पुढच्या चाकातून येणारी घुरघुर बेअरिंगची आहे की टायरची, खड्ड्यातला खटखट आवाज बुशचा आहे की बॉल जॉइंटचा, गाडी उचलताना बसणारा धक्का प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा आहे की क्लचचा, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सॉकेटमधून मिळत नाही. त्यासाठी गाडी जॅकवर चढवून चाक हलवणारा माणूसच लागतो, आणि पावणेतीन लाख किलोमीटरनंतर निम्म्याहून अधिक तक्रारी याच जातीच्या असतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोडही माझ्या यंत्राला वाचता आलेले नाहीत.

दर्जाबद्दल सांगायचे तर ब्लूटूथची जोडणी पाच वेळांतून एकदा तरी तुटते, आकडे सेकंदाला एक-दोनदाच बदलतात आणि बॅटरीचे व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा ०.३ ने कमी दिसते. आयफोनवर हे मॉडेल चालत नाही. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचा प्रवाह कायम असल्याने यंत्र लावून ठेवू नये. मी एकदा गणपतीत गावी गेलो असताना ते तसेच राहिले आणि परतल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीवरून बॅटरी जोडून सेल्फ मारावा लागला. अ‍ॅपमधील कोड पुसण्याचे बटण हाताशीच असते, ते दाबण्यापूर्वी कोड आणि त्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद उतरवून घ्यावी. दिवा विझतो, दोष राहतो, आणि पुढे मिस्त्रींना दाखवायला हाती काहीच उरत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देत आहे. अर्धा तारा जोडणीच्या लहरीपणासाठी कापला आणि एक त्या खोक्यावरच्या १.५ साठी.